कल्पनेला तारण कोण?

गंगापूर तालुक्यात दोन जगे शेजारी शेजारी नांदतात. एक गोदाकाठचे. कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते आणि धरण भरले की जायकवाडीचे पाणी तिथवर मागे सरकत येते. वर लासूर स्टेशनची बाजारपेठ, कापसाची आणि कांद्याची. दुसरे जग वाळूजचे. तिथे पत्र्याच्या शेडच्या रांगा, तीन पाळ्यांचे भोंगे आणि बसची वाट पाहणारी निळ्या गणवेशातली मुले. पहिल्या जगाचे डोळे ढगांकडे, दुसऱ्याचे ऑर्डरीकडे.

२०१५ आणि पुन्हा २०१९ च्या पावसाळ्यात ही दोन्ही जगे वर पाहू लागली होती. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, विभागीय आयुक्तांच्या कार्यालयावर डॉप्लर रडार बसले, चिकलठाण्याच्या विमानतळावरून छोटे विमान उडाले आणि मराठवाड्याच्या ढगांत रसायनांची फवारणी सुरू झाली. खर्च सरकारचा आणि कोट्यवधींचा. पारावर चर्चा एकच, पाऊस पडला की नाही? त्याचे शास्त्रीय उत्तर पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूर परिसरात शोधले. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत २७६ ढगांचा अभ्यास झाला. योग्य ढग निवडले तर ठरावीक क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण कोरड्या आकाशातून पाणी काढता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

माझा प्रश्न त्याहून साधा आहे. विमान बाहेरून आले, तज्ज्ञ बाहेरून आले, यंत्रसामग्री बाहेरून आली. आपल्याकडून काय गेले? ढग आपले, दुष्काळ आपला आणि बिल आपले. ज्या वाळूजमध्ये केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतके अचूक काम करणारे टर्नर आणि फिटर शेकड्यांनी आहेत, तिथल्या एखाद्या शेडमधून या उद्योगासाठी एखादे उपकरण, निदान एखादे भरवशाचे पर्जन्यमापक तरी निघावे, असे कुणाच्या मनात आले होते का? आले असते तरी त्या शेडवाल्याला पहिले पैसे कोणी दिले असते?

दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर

वाळूजची कहाणी कौतुकाचीच आहे. मागास भागासाठी शासनाने सवलती दिल्या, १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला आणि त्याच्यामागून सुटे भाग पुरवणारे शेकडो लघुउद्योजक उभे राहिले. त्यांतले कितीतरी काल-परवापर्यंत शेतात राबणाऱ्यांचे किंवा प्राथमिक शिक्षकांचे मुलगे. आयटीआय किंवा डिप्लोमा केला, चार वर्षे नोकरीत घासली, मग एक लेथ टाकले. लेथचे दोन झाले, पुढे सीएनसी आली. घर झाले, मुली इंजिनिअर झाल्या. मराठवाड्यात एका पिढीत घडलेले हे स्थित्यंतर कादंबरीचा विषय व्हावे इतके मोठे आहे.

पण या कहाणीत एक वाक्य पहिल्यापासून तेच राहिले आहे: ‘ड्रॉइंग पार्टीकडून येते.’ माल कसा हवा हे मोठी कंपनी ठरवणार, आपण तो बिनचूक करून द्यायचा. जॉब वर्कमध्ये आपला हात पुढे, डोके मागे. दर वर्षी भाव कमी करण्याची मागणी येते तेव्हा ‘हे माझे आहे, दुसरीकडे मिळणार नाही’ असे म्हणण्यासारखे काही हाती नसते.

इतके दिवस हे चालले. यापुढे चालेलच असे नाही, कारण ड्रॉइंगच बदलू लागले आहे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीत पिस्टन नसतो, क्रँकशाफ्ट नसतो, कार्ब्युरेटर नसतो, सायलेन्सर नसतो. २०२४ मध्ये एथर एनर्जी आणि टोयोटा किर्लोस्कर यांनी बिडकीनच्या औद्योगिक नगरीत कारखाने काढण्याचे जाहीर केले तेव्हा जिल्ह्यात आनंद झाला आणि तो रास्तच होता. मात्र नव्या गाड्यांना जुने भाग लागणार नाहीत, हेही त्याच बातमीत न छापता लिहिलेले होते. इंजिनाचा एकच भाग वीस वर्षे करत आलेल्या शेडवाल्याला आता स्वतःचे काही शोधावे लागणार. ‘संशोधन’ हा शब्द इतके दिवस प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाला चिकटलेला होता. आता त्याचा संबंध वाळूजमधल्या किराणा दुकानाच्या उधारीशी आहे.

बँकेचे ‘नाही’

इथे माझ्या जुन्या पेशाकडे वळतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. निकेल प्लेटिंगची छोटी शेड चालवणारे एक गृहस्थ शाखेत आले. प्लेटिंग झाल्यावर नग पाण्यात खळबळून काढतात, त्या पाण्याबरोबर निकेलही नाल्यात जाते. ते पकडून परत टाकीत आणायचे, म्हणजे नालाही वाचेल आणि महागडे निकेलही, असा त्यांचा विचार. परदेशात अशी संयंत्रे होती, पण मोठ्या कारखान्यांच्या मापाची. यांना दोन खोल्यांच्या शेडला परवडेल असे करून पाहायचे होते. त्यासाठी दोन वर्षे आणि चार लाख रुपये हवे होते. त्यांनी वहीत आकृत्या काढून आणल्या होत्या. माणूस प्रामाणिक होता, खाते स्वच्छ होते.

मी कर्ज दिले नाही. आज त्या खुर्चीवर असतो तरी दिले नसते.

वाचकांना हे कठोर वाटेल, म्हणून कारण सांगतो. बँक जे पैसे देते ते बँकेचे नसतात. ते निवृत्त मास्तरांच्या फंडाचे आणि एखाद्या विधवा बाईंच्या मुदतठेवीचे असतात. म्हणून बँक लेथला कर्ज देते, कारण धंदा बुडाला तरी लेथ विकता येते. मालाला कर्ज देते, कारण माल गोदामात दिसतो. पण दोन वर्षांच्या प्रयत्नांनंतर ‘हे या मार्गाने जमत नाही’ एवढेच उत्तर हाती आले तर बँकेने काय जप्त करायचे? वहीतल्या आकृत्या? शिवाय कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला सुरू होतो, शोध मात्र तारीख पाहून लागत नाही. २००० मध्ये लघुउद्योगांसाठी पतहमी योजना आली, त्यामुळे तारणाची अट सैल झाली हे चांगलेच झाले. तरी कर्ज ते कर्जच. ते फेडायचे असते, आणि न लागलेल्या शोधातून ते फिटत नाही.

तेव्हा बँकेचे ‘नाही’ बरोबर होते. चूक एवढीच होती की त्या ‘नाही’नंतर त्या गृहस्थांना दाखवावे असे दुसरे दार जवळपास नव्हते. ते वही काखोटीला मारून निघून गेले आणि पुढेही निकेल प्लेटिंगच करत राहिले.

दुसरे दार

हे दुसरे दार कसे असावे, याचे उत्तर अमेरिकेने, म्हणजे खासगी भांडवलाच्या माहेरघरानेच दिले आहे. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानात रोलंड टिबेट्स नावाचे अधिकारी होते. सरकार संशोधनावर अफाट पैसा ओतते, पण तो विद्यापीठांकडे आणि बड्या कंपन्यांकडेच जातो, छोट्यांच्या वाट्याला काही येत नाही, हे त्यांना खटकत होते. १९७७ च्या सुमारास त्यांनी आपल्या संस्थेत एक छोटी योजना सुरू केली. ती इतकी पटली की १९८२ च्या जुलैत अध्यक्ष रेगन यांच्या सहीने तिचा कायदा झाला. बाहेरून संशोधन करवून घेण्यावर वर्षाला दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च करणाऱ्या प्रत्येक सरकारी खात्याने त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांसाठीच राखून ठेवायचा. सुरुवात ०.२ टक्क्यांनी झाली, पुढे तो हिस्सा ३.२ टक्क्यांपर्यंत गेला.

योजनेची रचना एखाद्या सावध सावकाराला शोभावी अशी आहे. खाते आधी आपल्या अडचणींची यादी छापते. अवकाश संस्था ‘नासा’ म्हणते, आम्हाला हलका झडपसंच हवा आहे. पर्यावरण खाते म्हणते, पाण्यातले अमुक विष स्वस्तात मोजायचे आहे. पाचशेपर्यंत माणसे असलेला कोणताही तिथला उद्योग अर्ज करू शकतो. पहिल्या टप्प्यात सुमारे सहा महिने आणि थोडे पैसे, नासाकडून अलीकडे साधारण दीड लाख डॉलर, पर्यावरण खात्याकडून एक लाख. तेवढ्यात कल्पनेत दम आहे एवढेच दाखवायचे. दाखवता आले त्यांच्यातून निवडलेल्यांना दुसरा टप्पा, दोनेक वर्षे आणि कित्येक पटींनी अधिक रक्कम, नमुना तयार करण्यासाठी. तिसऱ्या टप्प्यात या योजनेचे पैसे नाहीत. तिथे गिऱ्हाईक शोधायचे, आणि ते गिऱ्हाईक पुष्कळदा सरकारच असते. हे कर्ज नव्हे, भागभांडवलही नव्हे. शोधाची मालकी उद्योगाकडेच राहते. न जमल्यास फाइल बंद होते, घरावर जप्ती येत नाही.

मोबाइल फोनच्या चिपमुळे आज जगाला ठाऊक असलेली क्वालकॉम ही कंपनी अगदी लहान असताना या योजनेची लाभार्थी होती. अर्थात एका क्वालकॉममागे विस्मरणात गेलेले असंख्य प्रयत्न आहेत, आणि ते राहणारच हे त्या कायद्याने गृहीत धरले. तिथेही सारे गोडच आहे असे नाही. कायद्याची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागते, आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर ती संपली तेव्हा नूतनीकरणावरून तिथल्या संसदेत वाद झालाच. पण चार दशकांहून अधिक काळ एकामागून एक आलेल्या दोन्ही पक्षांच्या सरकारांनी ही योजना चालू ठेवली, हेही खरे.

आपल्याकडची दारे

आपल्याकडे काहीच नाही असा सूर लावणे अन्यायाचे होईल. १९९६ मध्ये तंत्रज्ञान विकास मंडळ आले. १९९८ मध्ये एकट्या-दुकट्या संशोधकासाठी ‘टेप’ नावाची योजना निघाली. २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने अमेरिकी योजनेचे जवळजवळ नावच घेऊन छोट्या उद्योगांसाठी संशोधन योजना काढली. २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था झाली आणि पहिल्या प्रयोगासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. संरक्षण क्षेत्रात २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ आले, नमुना करण्यासाठी दीड कोटीपर्यंत. २०२० मध्ये अवकाशाचे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले.

त्याचे फळही दिसते. उपग्रहाला कक्षेत इकडेतिकडे सरकवणाऱ्या छोट्या इंजिनांत हायड्रॅझिन नावाचे इंधन वापरतात. ते इतके विषारी की भरणाऱ्याला नखशिखान्त बंद पोशाख घालून, श्वासाची हवा वेगळी घेऊन काम करावे लागते. त्याऐवजी कमी घातक इंधनावर चालणारे इंजिन करण्याचे काम डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीतून बंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेस या छोट्या कंपनीला मिळाले. १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ बरोबर ते इंजिन अवकाशात गेले आणि चालले. आकाशाचे तंत्रज्ञान आणि पर्यावरणाचे तंत्रज्ञान एकाच नळीत कसे येते आणि सरकारचा पहिला रुपया काय करू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

मग तक्रार काय? तक्रार अंतराची आहे. ही दारे बंगळुरू, हैदराबाद, पुणे आणि आयआयटीच्या आवारांकडे उघडतात. रांजणगावच्या शेडपासून ती फार लांब आहेत. अर्ज इंग्रजीत, तोही पन्नास पानी, आणि त्याची भाषा प्रबंधाची. अनेक ठिकाणी उद्योजकाने स्वतःचाही हिस्सा घालायचा असतो. स्टार्टअपची मान्यता हवी, तर धंदा कंपनी किंवा नोंदणीकृत भागीदारी असावा लागतो. आपल्या बहुतेक शेड मात्र एकट्याच्या मालकीच्या, बायकोच्या किंवा आईच्या नावाने काढलेल्या. छत्रपती संभाजीनगरात उद्योजकांच्या संघटनेने उभारलेले ‘मॅजिक’ आहे, विद्यापीठात अटल इनक्युबेशन सेंटर आहे. तिथली मंडळी कळकळीने काम करतात. पण त्यांच्या हाती निर्णय घेण्याइतका पैसा हवा, तो बहुतांशी दिल्लीत.

आणखी एक विसंगती पाहा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीतला किमान २५ टक्के माल सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यावा, असे धोरण आहे. म्हणजे छोट्याने केलेला माल विकत घेण्यासाठी हिस्सा राखीव, पण छोट्याने विचार करावा यासाठी हिस्सा राखून ठेवणारा सर्व खात्यांना लागू कायदा मात्र नाही. संरक्षण संशोधनाच्या बाबतीत २०२२ च्या अर्थसंकल्पात २५ टक्के रक्कम उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना खुली केल्याची घोषणा झाली, पण तीत बडे आणि छोटे एकाच रांगेत उभे. देश सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. त्या तुटपुंज्या ताटातला घास छोट्यापर्यंत पोहोचायचा तर वाढपी ठरवूनच नेमावा लागेल.

‘पैसे खाल्ले जातील!’

यावर हमखास येणारा आक्षेप मला पाठ आहे. सबसिडीपुरती शेड उभारून कुलूप लावणारे महाभाग मराठवाड्याने पाहिले आहेत. संशोधनाच्या नावाने तेच होईल, असे कुणी म्हटले तर मी त्याला वेडा ठरवणार नाही. पण उपाय दार बंद करणे हा नव्हे, उंबरा नीट बांधणे हा आहे. पहिली रक्कम लहान ठेवा, चार-पाच लाखांचीच. ती देण्याआधी त्या कामातला जाणकार शेडवर जाऊन यंत्र आणि माणूस दोन्ही पाहून येऊ द्या. दुसरा हप्ता कागदावर नव्हे, नमुन्यावर द्या. काय करून पाहिले आणि काय जमले नाही, ते मराठीत लिहून सर्वांसाठी प्रसिद्ध करा, म्हणजे दुसरा त्याच खड्ड्यात पडणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लबाडी आणि अपयश यांतला फरक ओळखायला शिका. गंगापूरच्या शेतकऱ्याला तो शिकवावा लागत नाही. पाणाड्याने जागा दाखवली, तीनशे फूट बोअर घेतले आणि नुसती धूळ निघाली, तर गाव शेतकऱ्याला चोर म्हणत नाही. ‘पाणी लागले नाही’ म्हणते. पण सरकारी फाइलीत कोरड्या बोअरसाठी रकाना नाही. तिथे एक तर ‘यशस्वी’ किंवा ‘वसुलीपात्र’. त्यामुळे भला अधिकारी निधी वाटायलाच घाबरतो आणि मार्चअखेर तो परत जातो.

काय करता येईल

पहिली गोष्ट यादीची. जिल्ह्याने आपल्या अडचणींची यादी करावी. शहरातून आणि वाळूजवरून वाहत गोदावरीकडे जाणाऱ्या खाम नदीचे पाणी दर तासाला मोजणारे स्वस्त उपकरण. छोट्या प्लेटिंगवाल्यांसाठी धातू परत मिळवणारे संयंत्र. नाथसागरातून उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारे पाणी अडवण्याचा उपाय. पऱ्हाट्या जाळण्याऐवजी त्यांचे इंधन करणारी, ट्रॅक्टरमागे नेता येईल अशी भट्टी. गारपिटीनंतर पंचनाम्यासाठी शेताचे फोटो काढणारे, इथेच दुरुस्त होणारे ड्रोन. या यादीतले प्रत्येक काम वाळूजच्या हातांना जमण्यासारखे आहे आणि प्रत्येकाचे गिऱ्हाईक दारात उभे आहे.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या २४ उद्योगांना बक्षिसाऐवजी १५ लाखांपर्यंतचे सरकारी काम देण्याची पद्धत २०१८ पासून सुरू झाली. कल्पना उत्तम. ती मुंबईपुरती न राहता महापालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे विभाग यांनी जिल्हा पातळीवर उचलावी. ‘तीन वर्षांची उलाढाल दाखवा’ ही निविदेतली अट नव्या वस्तूच्या गळ्याला नख लावते. नियमांत ती शिथिल करण्याची सोय आहे, वापरण्याचे धाडस हवे.

तिसरी गोष्ट बँकेची. नमुना चालला, महापालिकेची ऑर्डर हाती आली की बँकेने मागे राहू नये. ऑर्डरीवर कर्ज देणे हे तिचे नेहमीचे काम. सरकारने पहिले दोन टप्पे उचलावेत, तिसऱ्यात बँकेने खांदा द्यावा. असे झाले तर ठेवीदारही सुरक्षित आणि शोधकही.

हा सारा विषय मंत्रालयाचा आणि कारखानदारांचा, रविवारच्या चहाबरोबर आमच्यापुढे कशाला, असे काही वाचकांना वाटले असेल. त्यांनी आपल्या ओळखीतले एखादे घर आठवून पाहावे, जिथे मुलगा नोकरी सोडून काही नवे करायला निघाला. त्याच्या प्रयोगाचे पहिले पैसे कुठून आले? बहुतेक घरांत उत्तर एकच असते. आईच्या पाटल्या, वडिलांचा फंड किंवा गावाकडची दोन एकर. ज्याला तिकडे पहिला टप्पा म्हणतात, तो आपल्याकडे घरातली बाई आजवर मुकाट्याने सोसत आली आहे. प्रयोग फसला की पाटल्याही जातात आणि मुलगा पुन्हा दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर. देशाला उपयोगी पडेल अशा शोधाची जोखीम एका घराने एकट्याने का वाहावी? ती थोडी थोडी सर्वांत वाटून घेता यावी, यासाठीच तर आपण कर भरतो.